चार रंगांचा समुद्र

या महिन्यांत वाचकांस थोडा तैलरंगाचा वास सहन करावा लागणार आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

आमच्या वहिनीबाईंचें माहेर हर्णैचें. वर्षभर त्या खाटेस खिळून आहेत. समुद्र पुन्हां दृष्टीस पडणें नाहीं, हें त्याही जाणतात. म्हणून आमच्या नातवानें मोठ्या हौसेनें त्यांस समुद्र रंगवून दिला. निळें पाणी, हिरव्या लाटा, लाल सूर्य. पेटींतील एकही नळी बिचाऱ्यानें उपाशी ठेविली नाहीं! वहिनीबाई म्हणाल्या, "छान आहे हो, पण हा आमचा समुद्र नव्हे."

तेव्हां आम्हींच कुंचला हातीं घेतला. संस्कृत शिकवितां शिकवितां चित्रकलेचे तासही आमच्या गळ्यांत पडत, त्याचा हा उरलासुरला फायदा. रंग चारच घेतले: टिटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना व यलो ऑकर, म्हणजे एक पांढरा, एक निळा व दोन मातीचे. अल्ट्रामरीन पूर्वीं बदख्शानांतील राजावर्त पाषाण कुटून काढीत. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्यें तो कृत्रिम रीतीनें होऊं लागला, म्हणूनच आज पेन्शनरास परवडतो. हा निळा व सिएना एकत्र केले कीं परस्परांचें तेज हरण करून करडे होतात. निळा अधिक तर मेघाची छाया, सिएना अधिक तर ओली वाळू. काळी नळी लागतच नाहीं; आणि एका घरच्या माणसांचा तोंडवळा जुळावा तसें आकाश, पाणी व वाळू यांचें जुळतें.

पावसाळ्याच्या तोंडची धूसर सकाळ व समोर सुवर्णदुर्ग, असा देखावा आठवून काढला. दूरची वस्तु हवेमुळें फिकट व निळसर होते, तिच्या कडा विरतात. क्षितिजाची रेघ आंखावयाची नाहीं. दोहों बाजूंचा रंग ओला असतांनाच कोरड्या कुंचल्यानें हलकेंच पुसावयाची.

वहिनीबाईंनीं बराच वेळ पाहिलें. "भावोजी, किल्ला फार जवळ आला."

खरेंच होतें. सिएना जास्त पडला होता, आणि उष्ण रंग पुढें येतो. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाहीं. त्यांतील जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें, त्यास दिवसचे दिवस लागतात. एरव्हीं ही कटकट. पण तेणेंकरून किल्ला सुरीनें खरडून, पांढरा-निळा देऊन मागें लोटतां आला.

चित्र खाटेसमोर टांगलें आहे. परवां त्या म्हणाल्या, "आतां ओहोटी आहे." आम्हीं तर भरती-ओहोटी कांहींच योजिली नव्हती. विचारलें, तेव्हां त्यांनीं खालच्या ओल्या वाळूच्या पट्ट्याकडे बोट केलें.