मल्चिंगखालचा युरिया

मृग तोंडावर आला की कृषी सेवा केंद्रांपुढे युरियाच्या पोत्यांशेजारी आता मल्चिंग पेपरची बंडलेही दिसतात. पूर्वी हा पेपर ठिबकवाल्या बागायतदाराचा माल होता. आता पावसाळी मिरची लावणारा, विहिरीला जेमतेम पाणी असलेला शेतकरीही तो अंथरू लागला आहे. पेपर अंथरला, ठीक. पण त्याखाली युरिया किती आणि कधी टाकायचा? दुकानदार म्हणतो, ‘खत निम्म्यावर येतं.’ शेजारी म्हणतो, ‘पीक जोमात आहे, अजून एक पोतं ओत.’ आमच्या मते दोघांचेही अर्धेच खरे आहे.

उघड्या रानात युरियाचे काय होते ते आधी पाहू. ४५ किलोच्या पोत्यात नत्र २०.७ किलो. ते मातीत विरघळून आधी अमोनियात आणि मग नायट्रेटमध्ये बदलते. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत वर फेकलेल्या युरियातला काही अमोनिया हवेत उडतो. नायट्रेट तर पाण्याबरोबर चालते. मोठा पाऊस झाला की ते मुळांच्या खाली निघून जाते. म्हणजे शेतकरी टाकतो एक आणि पिकाला पोचते त्यापेक्षा बरेच कमी.

पेपर या दोन्ही वाटा बऱ्याच अंशी अडवतो. पाऊस बेडवर न मुरता सरीत ओघळतो, म्हणून बेडमधले नायट्रेट धुपत नाही. पेपरखाली वाफसा टिकतो, मुळे वरच्या थरात दाट पसरतात आणि खत उचलतात. इथपर्यंत दुकानदार बरोबर.

पण पेपरखालची माती उबदार आणि ओलसरही असते. अशा मातीत जिवाणू झपाट्याने कामाला लागतात आणि सेंद्रिय पदार्थ कुजवून त्यातले नत्र मोकळे करतात. पहिल्या वर्षी मिरची हिरवीगार दिसते त्यात युरियाइतकाच या साठ्याचाही वाटा असतो. हे नत्र फुकटचे नव्हे, ती जमिनीची शिल्लक आहे. शेणखत न घालता दरवर्षी पेपर अंथरत गेलो तर ती आटत जाणार. ‘खत वाचलं’ म्हणणाऱ्याने हा खर्चही हिशेबात धरावा.

दुसरी गोष्ट वेळेची. ठिबकवाला टाकीत युरिया विरघळवून हप्त्याहप्त्याने सोडतो. कोरडवाहूला ती सोय नाही. पेपर एकदा अंथरला की वरखत द्यायचे कुठून, म्हणून सगळा युरिया आधीच बेडमध्ये घातला जातो. चीनच्या गांसू प्रांतात पावसावरच्या मक्याला हाच अनुभव आला. तिथे वर्षाला साधारण ३०० ते ५०० मिलिमीटर पाऊस, आणि सरी-वरंबा सगळा पेपरने झाकायची पद्धत. मका सुरुवातीला जोरात वाढला आणि उत्पादनही बरेच वाढले. पण जिथे सगळे नत्र पेरणीलाच दिले, तिथे दाणे भरायच्या वेळी ते कमी पडून पाने लवकर वाळल्याचेही दिसले. आपला पाऊस वेगळा, पीक वेगळे, तरी अडचण तीच आहे.

आणि शेजाऱ्याचे ऐकून जादा पोते ओतले तर? झाड माजते, पाला कोवळा राहतो, मावा-फुलकिडे येतात आणि फवारणीचा खर्च वाढतो. उरलेले नायट्रेट पेपरखाली तसेच पडून राहते. हंगाम संपून पेपर काढला की पुढच्या पावसात ते खाली जाते, आणि गावाच्या विहिरीला तोच झरा लागतो. युरियाचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणून कोणी मोजत नाही, एवढेच.

मग करायचे काय? कुजलेले शेणखत आणि स्फुरद-पालाश पेपरआधी बेडमध्ये मिसळावे. युरियाचा मात्र थोडाच भाग तेव्हा घालावा. बाकीचा पिकाच्या वाढीनुसार, पाऊस होऊन वाफसा आल्यावर द्यावा. झाडापासून चार-पाच बोटे दूर पेपरला काठीने भोक पाडून चिमूटभर युरिया टाकावा आणि वर माती लोटावी. खोडाला चिकटून टाकला तर मुळे करपतात. सरीत तर फेकूच नये, कारण बेडवरचे सगळे पाणी तिथेच जमते आणि खत घेऊन जाते. हे काम मजुरीचे आहे, कटकटीचे आहे, आम्हाला माहीत आहे. म्हणूनच दोन बेडना नेहमीचा डोस आणि दोन बेडना त्याहून कमी, अशी तुलना आपल्याच रानात करून तोडे मोजावेत. एका हंगामात आपल्या जमिनीपुरते उत्तर मिळू लागेल.

सरकारकडेही एक मागणे आहे. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून मल्चिंगच्या खर्चाला अनुदान मिळते. अर्जाला सातबारा लागतो, बिल लागते. त्याच कागदांबरोबर ठिबक नसलेल्यासाठी नत्राचे प्रमाण आणि वेळ सांगणारे एक पान का देऊ नये? कृषी विद्यापीठांनी ते पान जमिनीच्या प्रकारानुसार, हलक्या मुरमाड रानासाठी आणि भारी काळ्या रानासाठी वेगवेगळे लिहावे. कृषी सहायकांनी ते मृगाआधी गावात वाचून दाखवावे, कारण पेपर अंथरल्यावर ते पान हातात पडून उपयोग नाही.