मैदान कुणाच्या सोयीचे?

आयपीएलचे दिवस होते. नववीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "सर, पुणे के पास इत्ता बड़ा स्टेडियम है, अपने जालने में कायकू नहीं बनाते?" वर्ग हसला. मी "पैसा नाही" म्हणून पुढचा धडा सुरू केला. घरी आल्यावर वाटले, आपण मुलाला अर्धेच उत्तर दिले.

स्टेडियम कुठे उभे राहते, हे नुसत्या पैशाने ठरत नाही. मुंबईचेच बघा. १९३७ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे ब्रेबॉर्न स्टेडियम झाले. पुढे तिकिटांच्या वाटपावरून क्लब आणि मुंबई क्रिकेट संघटना यांचे बिनसले. बॅ. शेषराव वानखेडे त्या वेळी संघटनेचे अध्यक्ष होते आणि विधानसभेचेही. ब्रेबॉर्नपासून किलोमीटरभराच्या आत सरकारी जागेवर दुसरे स्टेडियम झाले आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. गरज खेळाची होती की तिकिटांची, तुम्हीच ठरवा. एक गोष्ट मात्र चांगली झाली. चर्चगेटला उतरून गरीब माणूसही तिथे पायी जाऊ शकतो.

पुण्यातही तेच घडले. नेहरू स्टेडियम महापालिकेचे. तिकिटांवरून तिथेही वाद झाला आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने शहराबाहेर, द्रुतगती मार्गालगत गहुंज्याला स्वतःचे स्टेडियम बांधले. खर्चाला हातभार म्हणून नावाचे हक्क सहारा समूहाला दिले. पैसे थकले आणि २०१३ मध्ये नाव उतरवावे लागले. ज्याच्याकडे गाडी आहे, त्याला गहुंजे जवळ. आपला जालना जिल्हाही याच संघटनेत येतो, पण इथून ते अंतर तीनशे किलोमीटरहून जास्त.

अमेरिकेत बेसबॉलचे संघ नवे स्टेडियम हवे असले की शहराकडे, राज्याकडे सार्वजनिक पैसा मागतात. नाही दिला तर दुसऱ्या शहरात जाऊ, अशी धमकीही असते. ओकलंडच्या संघाला लास व्हेगासमध्ये स्टेडियम बांधण्यासाठी नेवाडा राज्याने २०२३ मध्ये ३८ कोटी डॉलरपर्यंतची मदत मंजूर केली. पण पुढच्याच वर्षी मिसूरी राज्यातल्या जॅक्सन काउंटीत वेगळे घडले. तिथल्या बेसबॉल आणि फुटबॉल संघांच्या स्टेडियमांसाठी विक्रीकर पुढे चालू ठेवायचा का, हे मतदारांनाच विचारले. त्यांनी नाही म्हटले.

आपल्याला कोण विचारतो? आपल्याकडे मोठे स्टेडियम येणार नाही, हे मी धरून चालतो. पण जिल्हा आणि तालुका क्रीडा संकुले आपल्याच करातून होतात. २०२२ मध्ये राज्य सरकारने तालुका संकुलाच्या अनुदानाची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटी आणि जिल्हा संकुलाची ८ वरून २५ कोटी केली. रक्कम लहान नाही. प्रश्न जागेचा आहे. गावाबाहेरची गायरान जमीन सहज मिळते, म्हणून संकुल तिकडे गेले, तर तिथे पोचणार कोण? मोहल्ल्यातला मुलगा एकवेळ सायकलने जाईल. त्याच्या बहिणीला मगरिबनंतर कोणती अम्मी इतक्या लांब पाठवील?

आपल्या पोरांत दम नाही, असे कुणी म्हणू नये. याच जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या आणि २०१४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले.

आपल्या समाजाचीही यात चूक आहे. शादीखाना, कब्रस्तानची भिंत यांसाठी आपण नगरसेवकाकडे दहा चकरा मारतो. मैदानासाठी एकही अर्ज करत नाही. मैदान हा शब्द मी उर्दूच्या तासाला शिकवतो आणि मराठीच्याही, दोन्हीकडे तो सारखाच आहे. मग मागणीही सगळ्यांनी मिळून का करू नये?

पुढच्या वेळी संकुलाची घोषणा झाली की बॅनरवरचे फोटो मोजू नका. तीनच प्रश्न विचारा: शाळेपासून किती लांब, दिवे आणि बस आहे का, आणि उद्घाटनानंतर देखभालीचा पैसा कुठून येणार? माझ्या विद्यार्थ्याला आता मी हेच उत्तर देणार आहे.