खनिजाचा पैसा कोणाच्या वाट्याचा?

अर्थसंकल्प मांडला गेला की दुसऱ्या दिवशी आपण दोनच गोष्टी पाहतो : कोणत्या योजनेचे मानधन वाढले आणि कोणता कर वाढला नाही. जमेच्या बाजूच्या रकमा कोठून आल्या, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. गोव्यापुरते बोलायचे तर तरुण आणि वृद्ध पिढ्यांमधील न्यायाचा प्रश्न खर्चाच्या बाजूपेक्षा या जमेच्या बाजूलाच अधिक दडलेला आहे.

लोहखनिजावरील स्वामित्वधन अर्थसंकल्पात करेतर महसूल म्हणून नोंदवले जाते. महसूल म्हणजे वर्षानुवर्षे येत राहणारे उत्पन्न. डोंगरातून एकदा काढलेले खनिज मात्र पुन्हा येत नाही. वडिलोपार्जित बागायत विकून चवथीचा बाजार करणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. सरकारने तेच केले की त्याला महसूलवाढ म्हणतो. आणि बागायतीला निदान बाजारभाव तरी मिळतो. 2009 पर्यंत स्वामित्वधनाचा दर टनामागे काही रुपये इतकाच होता. पुढे तो किमतीच्या 10 टक्के आणि 2014 मध्ये 15 टक्के झाला. पण 2010-11 च्या सुमारास, जेव्हा चीनच्या मागणीमुळे वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज गोव्याबाहेर गेले, तेव्हा त्या भरभराटीतला सरकारी तिजोरीत आलेला वाटा मूळ मालमत्तेच्या मानाने किरकोळच होता. आणि जे आले तेही त्या त्या वर्षीच खर्ची पडले.

21 एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2007 नंतरचे गोव्यातील खाणकाम बेकायदा ठरवले, वार्षिक उत्खननावर तात्पुरती दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विकल्या जाणाऱ्या खनिजाच्या किमतीतील 10 टक्के रक्कम एका कायमस्वरूपी निधीत जमा करण्याचा आदेश दिला. शाश्वत विकास आणि पिढ्यांमधील समन्याय हीच त्यामागची भूमिका होती. निकालाची चर्चा झाली ती भाडेपट्ट्यांची, ट्रकमालकांची, बार्जवाल्यांची. त्यांची होरपळ खरी होती आणि 2018 मध्ये 88 पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्यावर ती आणखी वाढली. निधीचा मुद्दा मात्र कोपऱ्यातच राहिला. 2007 साली जन्मलेले मूल आज मतदार झाले आहे. सांगे वा डिचोलीत त्याच्या वाट्याला पाण्याने भरलेले खंदक आणि गाळ साचलेली शेते आली. त्या खनिजाच्या किमतीतले त्याच्या नावावर काय उरले, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे.

मूळ मालमत्ता राखून केवळ उत्पन्न वाटण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. गावकारीच्या, म्हणजे कोमुनिदादीच्या, व्यवस्थेत शेते गावाची असत. बांध-मानशींच्या देखभालीचा खर्च वजा जाता उरलेल्या उत्पन्नातून गावकाराला जोण मिळे, पण जमीन विकून जोण वाटण्याची रीत नव्हती. त्या व्यवस्थेत सर्वांना समान स्थान नव्हते, हे विसरून तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. हिशेबाचे तत्त्व मात्र पक्के होते. नॉर्वेने 1990 मध्ये कायदा करून तेलाच्या उत्पन्नासाठी असाच निधी उभारला. निधीचा अपेक्षित वास्तव परतावा, म्हणजे 2017 पासून सुमारे 3 टक्के, हीच तेथे खर्चाची मार्गदर्शक मर्यादा मानली जाते.

येथे एक आक्षेप नेहमी येतो. आजचे वृद्ध उपाशी असताना उद्याच्यांसाठी पैसा का बाजूला काढायचा? आक्षेप रास्त आहे, पण त्याचा रोख चुकतो. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेखाली ज्येष्ठांना मिळणारे दरमहा 2,000 रुपये अनेक वर्षे त्याच आकड्यावर थांबले, आणि दरम्यान नारळापासून औषधापर्यंत सगळ्याचे भाव कोठे गेले हे घरोघरी ठाऊक आहे. ती रक्कम कमी करा असे सुचवणे निर्दयपणाचे होईल. ती वाढलीच पाहिजे. मात्र ती चालू पिढीने भरलेल्या करांतून वाढली पाहिजे, न जन्मलेल्यांच्या ठेवीतून नव्हे. शिवाय ‘वृद्ध’ म्हणून सारे एका मापाचे नाहीत. महागाईभत्त्यासह निवृत्तिवेतन घेणारा जुना सरकारी कर्मचारी आणि आयुष्यभर मजुरी केलेली पेडण्यातील विधवा यांचे हित एकच आहे असे भासवणे, ही राजकारण्यांची सोय आहे.

लोकसंख्येचे गणित या प्रश्नाला अधिक धार आणते. 2011 च्या जनगणनेत गोव्यात साठीपुढील लोकांचे प्रमाण सुमारे 11 टक्के, म्हणजे केरळच्या खालोखाल होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत येथील प्रजनन दर 1.3 आढळला. आज विशीत असलेला गोमंतकीय साठीला पोहोचेल तेव्हा त्याच्या निवृत्तिवेतनाचा भार उचलायला कमावते हात कमी असतील. तरुणांचा निधी हाच उद्याच्या वृद्धांचा आधार ठरणार आहे.

डिसेंबर 2022 पासून डिचोली, शिरगाव-मये, काले आदी खाणपट्ट्यांचे लिलाव झाले आणि बोलीदारांनी खनिजमूल्याच्या मोठ्या टक्केवारीच्या बोली लावल्या. स्वामित्वधनावर ही रक्कम वेगळी मिळणार आहे. त्यामुळे मोहही वाढणार. (भूरूपांतर शुल्काचेही असेच आहे, शेत एकदाच बिल्डरला जाते, शुल्क एकदाच येते.) लिलावाचा अधिमूल्य भाग महसुलात न मिसळता निधीत गेला पाहिजे, मुद्दल महागाईनुसार अखंड राहिले पाहिजे आणि त्याचे वास्तव उत्पन्न तेवढे प्रत्येक गोमंतकीयाला सारखे वाटले गेले पाहिजे. सुरुवात म्हणून निदान एक छोटी मागणी आमदारांना करता येईल : अर्थसंकल्पासोबत एका पानाचे विवरणपत्र द्या. त्या वर्षी किती खनिज काढले, त्याची बाजारातील किंमत किती, राज्याला त्यातले किती मिळाले आणि निधीत किती शिल्लक आहे.