शेजारी बसण्याची मुभा

मळवलीच्या स्थानकावर उतरून जो वाटसरू उत्तरेची वाट धरतो तो कार्ल्याच्या लेण्यांकडे जातो आणि जो दक्षिणेस वळतो तो भाज्याच्या. परंतु राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला शिळाछापखाना त्या शतकाच्या अखेरीस ह्याच मळवलीस आला होता, ह्याचे स्मरण त्या दोन्ही वाटांवरील फार थोड्यांना असते. संस्थानिकांच्या दिवाणखान्यांत शोभणारी लक्ष्मी आणि सरस्वती ह्या छापखान्याने मामलेदाराच्या ओसरीपासून कुणब्याच्या देवघरापर्यंत पोहोचविली, आणि कलेचे इतके उदार वाटप आपल्या मुलखाने त्यापूर्वी क्वचितच पाहिले असेल.

आज खिशातला मोबाइल तेच कार्य क्षणार्धात करतो, आणि त्याबद्दल मी त्याला दूषण देणार नाही. पण चित्र वाटणे निराळे आणि चित्र करण्याचे कसब वाटणे निराळे. घासून गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने आकृती काढावयाची, शिळा पाण्याने भिजवावयाची आणि मग शाईचा रूळ फिरवावयाचा. ओली शिळा शाईला दूर लोटते, तेलकट रेघ तिला धरून ठेवते. प्रत्येक रंगाला शिळा स्वतंत्र, आणि कागद दर वेळी केसभरही न सरकता बसला पाहिजे, नाहीतर देवीच्या ओठांचा तांबडा रंग हनुवटीवर उतरतो. हे ज्ञान तसबिरीबरोबर कोणाच्याही घरी गेले नाही. जो त्या यंत्रापाशी उभा राहिला त्याच्याच वाट्याला ते आले. दादासाहेब फाळक्यांनी लोणावळ्यास राहून ह्या छापखान्यासाठी काम केले होते. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणणारा हात आधी अशा कसबांवर घडलेला होता. त्यापूर्वीच छापखाना फ्रिट्झ श्लायखर ह्या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला होता, आणि १९७२ च्या आगीने त्याची धूळधाण केली. तसबिरी अजून घरोघरी आहेत. शिळेवर रंग चढविणारा हात मात्र मावळात आज सापडणे कठीण.

ह्याउलट एकादशीच्या रात्री मावळातल्या एखाद्या देवळात जाऊन बसावे. पखवाजाच्या डाव्या पुडीला लावायची कणीक मळण्याचे काम तेथे दहा वर्षांच्या मुलाकडे असते. कणीक कमी पडली तर नाद उथळ येतो, जास्त झाली तर पुडी बोलतच नाही. म्हणून पखवाजी बोटाने थोडी काढतो, थोडी लावतो, थाप मारून कान देतो आणि मुलाकडे पाहतो. त्या पाहण्यात पुरा धडा असतो. त्या मुलाच्या हाती आधी टाळ येतात आणि काही वर्षांनी पखवाज. प्रवेशअर्ज नाही, शुल्क नाही. शेजारी बसण्याची मुभा तेवढी असावी लागते, आणि ती मुभा हेच खरे विद्यादान असे माझे मत आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेखांत धन देणाऱ्या श्रेष्ठींच्या जोडीने धेनुकाकट येथील सामी ह्या सुताराचेही नाव, त्याच्या दाराच्या कामाच्या उल्लेखासह, कोरलेले आहे. सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वी दान आणि कसब ह्यांची नोंद एकाच भिंतीवर झाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

निवांतपणाच्या शोधात लोणावळ्यापासून तळेगावापर्यंत येऊन राहिलेल्या चित्रकार, मूर्तिकार आणि गायक मंडळींना म्हणूनच एक विनंती आहे. महिन्यातून एक दिवस मुक्रर करावा. जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा देवळाच्या सभामंडपात आपले पुरे झालेले काम नेऊ नये, अर्धवट राहिलेले न्यावे, आणि रंग कालवण्याचे भांडे एखाद्या मुलाच्या हाती द्यावे.