व्ह्यू, आठ-अ आणि शेवटचा फेरफार

डेटाबेसवाले मित्र आणि खंडाळ्याचे काका-मामा, दोघांनाही कळेल असं काही लिहायचं म्हणजे तशी कसरतच. पण व्ह्यू वापरून क्वेरी पुन्हा लिहिणं हा विषयच असा आहे की त्यातली निम्मी अक्कल तलाठ्याच्या (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी!) दप्तरात आधीपासून बांधून ठेवलेली आहे. आणि हो, खंडाळा म्हणजे लोणावळ्याशेजारचं नव्हे. आपलं सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं.

तर, गावच्या महसुली दप्तरात १ ते २१ नमुने. त्यातला सहावा म्हणजे फेरफार. खरेदी, वारस, वाटणी, जे काही बदलतं ते आधी तिथे लिहिलं जातं आणि मंजूर झालं की सात-बारावर येतं. सात-बारा गटवार असतो. या गटाचा मालक कोण, क्षेत्र किती, इतर हक्क कुणाचे, पीक कोणतं. आठ-अ मात्र खातेवार. या खात्यावर कुठकुठले गट, क्षेत्र किती, आकार किती. म्हणजे आठ-अमध्ये जमिनीची नवी माहिती अशी काही नाहीच, सात-बारांचीच माहिती दुसऱ्या बाजूने मांडलेली. आमच्या धंद्यात याला मटेरियलाइज्ड व्ह्यू म्हणतात. नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच काढून, लिहून ठेवायचं.

आता समजा गावात ६०० गट आहेत आणि कुणी विचारलं, "तात्यांची या गावात एकूण जमीन किती?" भाबडा माणूस ६०० सात-बारे चाळत बसेल. जाणता माणूस आठ-अ काढेल. प्रश्न तोच, उत्तर तेच, फक्त वाट जवळची. क्वेरी पुन्हा लिहिणं म्हणजे एवढंच.

पुढचा प्रश्न, "तात्यांच्या कुठल्या जमिनीवर सोसायटीचा बोजा आहे?" बोजा आठ-अवर दिसत नाही, तो सात-बाराच्या इतर हक्कांत. म्हणून आठ-अ टाकून द्यायचा का? छे! त्यावरून गट नंबर घ्यायचे, समजा ४ निघाले, तर तेवढेच ४ सात-बारे उघडायचे. निम्मं उत्तर व्ह्यूमधून, निम्मं मूळ टेबलातून.

आणि तिसरा, "तात्यांची तालुक्यात जमीन किती?" आठ-अ गावापुरता. एकाच गावाचा आठ-अ दाखवला तर सांगितलेलं खोटं नसतं, पण अपुरं असतं. नुसत्या शोधाशोधीला अपुरं उत्तर चालून जातं. वाटणीला बसल्यावर चालत नाही.

हे हाताने जमतं कारण नमुने मोजके आहेत. १९९५ साली लेव्ही, मेंडेलझॉन, सगीव आणि श्रीवास्तव यांनी दाखवून दिलं की हातातल्या व्ह्यूंवरून एखादी क्वेरी तंतोतंत लिहिता येईल का हे ठरवणं साध्या क्वेरींच्या बाबतीतही एनपी-कंप्लीट आहे. म्हणजे व्ह्यू वाढत गेले की यंत्राचीसुद्धा दमछाक. तरी ओरॅकलने १९९९ च्या ८आय आवृत्तीत हे काम डेटाबेसकडेच सोपवलं. आपण मूळ टेबलावर क्वेरी लिहायची, व्ह्यूकडे वळवायचं त्याने. २००१ साली आपल्या पवईच्या आयआयटीतले प्रा. सुदर्शन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुठले व्ह्यू साठवायचे आणि ते ताजे ठेवायला काय खर्च येतो, याचा एकत्र विचार मांडला.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. व्ह्यूमुळे वेग वाढला की सगळे खूश. तो ताजा आहे का, हे मात्र फार थोडे विचारतात. कालच्या रात्रीचा आकडा आजचा म्हणून मीटिंगमध्ये मिरवताना मी पुष्कळदा पाहिलाय.

तिथे फार तर एक मीटिंग वाया जाते. गावात काय होतं बघा. तात्या गेले. वारसनोंद अजून फेरफारात अडकलेली. "मालक कोण?" विचारलं की आठ-अ क्षणात सांगतो, तात्या! दोन्ही आत्यांचं नाव कुठेच नाही. हरकतीसाठी मुदत ठेवलेली असते, त्यामुळे हा उशीर काही अंशी मुद्दाम आहे आणि योग्यही आहे. पण जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदीतली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात. शिळं उत्तर जोवर खरं मानलं जातंय तोवर आत्यांनी काय करायचं?

म्हणून २०२१ च्या सुधारित सात-बारातला एक बदल मला फार आवडतो. इतर हक्कांच्या खाली आता शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख येते, आणि प्रलंबित फेरफार असेल तर तेही कळतं. उतारा स्वतःच सांगतो की मी कधीपर्यंतचा आहे आणि माझ्यात काय यायचं बाकी आहे. लाखो रुपये खर्चून केलेल्या किती रिपोर्टांवर एवढी एक ओळ असते?

मित्रांनो, व्ह्यू जरूर बनवा, क्वेरी जरूर वळवा, पण ती ओळ आधी टाका. आणि काका-मामांनो, उतारा हातात आला की क्षेत्र आणि नावं मागाहून वाचा. आधी ती ओळ वाचा, आणि फेरफार प्रलंबित दिसला तर आत्यांना फोन करा.