चौकटीबाहेरचा पर्याय

तळवलीसारख्या गावातील प्रकल्पग्रस्त घरांत एक प्रश्न वारंवार उभा राहतो. साडेबारा टक्क्यांचा भूखंड बिल्डरच्या नावे करावा, की राखून ठेवावा? दिला तर पैसा हाती येतो आणि भावाभावांत वाटला जाऊन काही वर्षांत आटतो. राखला तर बांधकामास भांडवल नाही. मग घरात दोन तट पडतात. एकावर वाडवडिलांना विसरल्याचा ठपका येतो, दुसरा अव्यवहारी ठरतो. वस्तुतः दोष दोघांचाही नाही, तो प्रश्नाच्या मांडणीत आहे. 'हो की नाही' असा प्रश्न बहुधा समोरचा माणूस ठरवून देतो आणि घाईही त्यालाच असते.

हा भूखंड मुळात अशीच एक चौकट नाकारल्यामुळे मिळाला, याचे स्मरण ठेवावयास हवे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी मुक्रर झाल्या. मिळेल तो मोबदला घ्या अथवा विरोध करीत बसा, एवढेच शेतकऱ्यापुढे होते. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासळी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाला दोन्ही वाटा सारख्याच घातक होत्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली हा समाज रस्त्यावर उतरला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. या लढ्याने जी मागणी पुढे रेटली, ती वेगळ्याच जातीची होती : शहर होऊ द्या, पण त्या शहरात भूमिपुत्राचा वाटा असू द्या. १९९० च्या दशकात साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना लागू झाली. (सार्वजनिक सुविधांसाठीची कपात जाता हाती पावणेनऊ टक्केच येतात, हा भाग निराळा.) दिबा शेतकरी कामगार पक्षाचे, वैचारिक अंतर मोठे. तरीही ही दृष्टी त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे.

महाराष्ट्राला ती नवी नाही. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात शिवछत्रपतींनी २३ किल्ले दिले, १२ राखले. लढून संपणे किंवा संपूर्ण शरणागती, यांपैकी काहीच त्यांनी स्वीकारले नाही. १६७० पासून गेलेले किल्ले परत येऊ लागले.

तेव्हा त्रिपक्षीय करारावर सही करण्यापूर्वी घरात बसून कागद पुढे घ्यावा. भूखंड न विकता बांधकामातील सदनिका आणि गाळ्यांचा हिस्सा मागता येईल काय? दोन-तीन भावांचे भूखंड एकत्र करून बोलणी होतील काय? गाळे स्वतःकडे ठेवून भाड्याचे उत्पन्न घरात येईल काय? या बैठकीस लेकींनाही बोलवावे. २००५ च्या कायदादुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत त्यांचा हक्क मुलांइतकाच आहे. सासरी गेलेल्या मुलीला पुष्कळदा केवळ हक्कसोडपत्रापुरते आठवले जाते, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. आणि तळवलीत, घणसोलीत, रबाळ्यात ज्यांनी पूर्वीच भूखंड देऊन टाकले, त्यांच्या ओट्यावर एकदा जाऊन बसावे. त्या पैशातले आज काय उरले, हे ते मोकळेपणाने सांगतील.