पंधरवड्याचे सल्लागार

ग्रामीण विकासाच्या क्षेत्रात गेल्या दोन दशकांत एक नवा प्रघात रूढ झाला आहे. परदेशी विद्यापीठांत व्यवस्थापनशास्त्र शिकणारे विद्यार्थी, बड्या कंपन्यांचे अधिकारी आणि त्यांच्या मागोमाग मुंबई-पुण्यातील सुशिक्षित तरुण दोन ते चार आठवड्यांसाठी खेड्यात येतात. नफाही मिळवावा आणि दारिद्र्यही हटवावे अशा दुहेरी हेतूने काढलेल्या एखाद्या 'सामाजिक उद्योगा'ला ते विनामूल्य सल्ला देतात, अहवाल लिहितात आणि परत जातात. या व्यवहाराला सेवा म्हटले जाते. पुरोगामी वर्तुळांतही त्याचे कौतुक होते. सरकारी अधिकारी खेड्यात फिरकत नसताना शिकलेली मुले स्वखुशीने येतात, हे काय थोडे झाले, असा त्या कौतुकाचा सूर असतो. हे कौतुक तपासून घेणे आज अगत्याचे झाले आहे. कारण प्रश्न या तरुणांच्या सद्हेतूचा नाही. ग्रामीण दारिद्र्याचा प्रश्न कोणता आणि त्याचे उत्तर कोणी द्यावयाचे, हे ठरविण्याचा अधिकारच या प्रघातामुळे हळूहळू हात बदलत आहे.

ही तपासणी हवेत करण्याचे कारण नाही. संगमनेर तालुका त्यासाठी पुरेसा आहे. तालुक्यातून प्रवरा वाहते. तिच्या काठाने ऊस आहे, दूध आहे, सहकारी साखर कारखाना आहे. दक्षिणेकडचा साकूर-घारगावचा पठार भाग आणि उत्तरेकडचा निमोण-तळेगावचा पट्टा मात्र पर्जन्यछायेत येतो. एकाच तालुक्यात पाण्याने घडविलेले दोन वर्ग नांदतात. त्यांतला कोणता वर्ग पाहुण्याच्या दृष्टीस पडेल, हे तो केव्हा येतो आणि कोणत्या रस्त्याने येतो यावर ठरते.

रॉबर्ट चेंबर्स या ब्रिटिश अभ्यासकाने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा भेटींना विकासाचे पर्यटन म्हटले होते. पाहुणा डांबरी रस्ता सोडत नाही, सोयीच्या हंगामातच येतो आणि ज्याची त्याच्याशी गाठ घालून दिली जाते त्यालाच गाव समजतो, असे त्याचे निरीक्षण होते. पुणे-नाशिक महामार्गावरच्या या तालुक्याला ते तंतोतंत लागू पडते. पाहुण्यांना डिसेंबर-जानेवारी मानवतो. तेव्हा हवा थंड असते, विहिरींना पाणी असते, कांदा-हरभरा शेतात उभा असतो आणि बचतगटाच्या बायकांना बैठकीला बसण्याइतकी उसंत असते. एप्रिल-मे महिन्यांत पठारावरची बाई टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगेत उभी असते, तेव्हा सल्लागार परत गेलेला असतो. त्याच्या अहवालात जे गाव असते, ते वर्षातले चार महिने असते. उरलेले आठ महिने त्या अहवालाच्या बाहेर राहतात.

शिकतो कोण?

या दौऱ्यांचा लाभ कोणाला होतो, हे त्यांच्या चालकांनी लपविलेले नाही. आयबीएम या कंपनीने २००८ साली आपल्या निवडक कर्मचाऱ्यांना चार आठवड्यांसाठी विकसनशील देशांत विनामूल्य सल्लागार म्हणून धाडण्याची योजना सुरू केली. कर्मचाऱ्यांचे नेतृत्वगुण वाढविणे हे तिचे एक जाहीर उद्दिष्ट होते. म्हणजे खेडे ही शाळा झाली आणि गरीब माणूस त्या शाळेतला फुकट मास्तर. मास्तरांना पगार नाही आणि विद्यार्थ्यांना परीक्षाही नाही. सल्ला चुकला तर त्याची किंमत विद्यार्थी देत नाही. सल्ल्यानुसार कर्ज काढून यंत्र घेतलेला बचतगट ती देतो.

इव्हान इलिच या विचारवंताने एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे, उन्हाळी सुटीत समाजसेवेसाठी येणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोरच हे परखडपणे मांडले होते. पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असा त्याच्या भाषणाचा इत्यर्थ होता. त्या काळच्या स्वयंसेवकांबद्दल निदान एवढे म्हणता येते की १९६१ ते १९७६ या काळात भारतात आलेले अमेरिकन शांतिसेनेचे तरुण साधारणतः दोन वर्षे राहत आणि स्थानिक भाषा शिकत. त्यामागील अमेरिकेचे राजकारण उघड होते. तरी भाषा शिकल्याविना सल्ला देता येत नाही, एवढा विवेक त्या योजनेत होता. आजचा सल्लागार दुभाष्याच्या तोंडून गाव ऐकतो, आणि दुभाषी बहुधा त्याच संस्थेचा पगारदार असतो जिच्या कामाचे मूल्यमापन करावयाचे असते!

पंधरा दिवसांत मावणारे प्रश्न

खरा आक्षेप याहून खोल आहे. पंधरा दिवसांत उत्तर देता येईल असेच प्रश्न सल्लागार विचारतो. वेष्टन कसे असावे, बोधचिन्ह कोणते, मालाला शहरात गिऱ्हाईक कसे मिळवावे, हिशेब संगणकावर कसा ठेवावा. हे प्रश्न खोटे नाहीत. परंतु गावाचे जे प्रश्न पंधरा दिवसांत मावत नाहीत, ते या पद्धतीत प्रश्नच उरत नाहीत.

दुधाचे उदाहरण घ्यावे. राज्य शासनाने २०२३ साली गायीच्या दुधाला लिटरमागे किमान ३४ रुपये भाव ठरविला, आणि काही महिन्यांतच खरेदीचे दर २७ रुपयांच्या आसपास घसरले. त्या वेळी गोठ्यातला हिशेब कोणी कितीही नेटका ठेवला असता, तरी लिटरमागे गेलेले सात रुपये परत आले नसते. ते कोणाच्या खिशात गेले, हा सत्तेचा प्रश्न आहे. तो प्रश्न ज्यांनी विचारला ते पायी चालले. एप्रिल २०२३ मध्ये अकोल्याहून लोणीकडे निघालेला किसान सभेचा मोर्चा याच तालुक्यातील धांदरफळ येथे, मंत्र्यांना चर्चेसाठी यावे लागल्यानंतर थांबला. त्याच्या मागण्यांत जमीन होती, तसेच दूधही होते.

पाण्याचेही तसेच आहे. निळवंडे धरणाची योजना १९७० च्या सुमारास मंजूर झाली. दुष्काळी गावांसाठी असलेल्या डाव्या कालव्यातून पहिले पाणी सुटले ते मे २०२३ च्या अखेरीस. अर्धशतकाहून अधिक काळ एक पिढी अर्ज, मोर्चे आणि निवडणुका यांतून या पाण्यासाठी झगडली. ज्याला पंधरवड्यात गाव उमगते, त्याच्या लेखी या पन्नास वर्षांना कोणता रकाना असणार?

संगमनेरच्या विडी कामगार स्त्रियांच्या बाबतीत तर हा शब्दांचा खेळ घातकच ठरतो. घरी बसून विड्या वळणारी बाई ही कारखानदाराची कामगारच आहे, हे १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने मान्य केले. भविष्यनिर्वाह निधीचा आणि किमान वेतनाचा तिचा दावा त्याच मान्यतेवर उभा राहिला. ती मान्यता मिळविण्यासाठी संघटनांना दीर्घ काळ लढावे लागले, कारण ती स्वतंत्र धंदा करते असे म्हणण्यात मालकाचा फायदा होता. आज 'तुम्ही सगळ्या उद्योजिका आहात' असे तिला हसतमुखाने सांगितले जाते, तेव्हा तोच जुना युक्तिवाद नव्या कपड्यांत परत येतो. उद्योजिकेला मालक नसतो. म्हणून तिला मालकाकडे मागण्याजोगे काही उरत नाही.

बाहेरचा माणूस नको, असे नव्हे

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. खेड्याला बाहेरच्या ज्ञानाची गरज नाही काय? महाराष्ट्राचा सहकार बाहेरच्या तज्ज्ञांविना उभा राहिला काय? नाही, हेच त्याचे प्रामाणिक उत्तर आहे. संगमनेरच्या शेजारी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ त्यांच्या सोबत होते. परंतु गाडगीळ अहवाल देऊन पुण्याला परतले नाहीत. त्यांनी कारखान्याचे अध्यक्षपद पत्करले आणि सुमारे दहा वर्षे सांभाळले. शेतकरी सभासदांसमोर वर्षानुवर्षे हिशेब मांडण्याची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली. ते ज्ञान सभासदांना बांधलेले होते.

संगमनेर तालुक्यातीलच दरेवाडीचे उदाहरण तर परदेशी पैशाचे आहे. जर्मनीच्या साहाय्याने आणि नाबार्डमार्फत चाललेल्या पाणलोट कार्यक्रमातून १९९६ पासून तेथे काम झाले. उन्हाळ्यात टँकरवर जगणारे हे गाव टँकरमुक्त झाले. वर्षाकाठी तीन-चार महिने मिळणारे शेतीकाम नऊ-दहा महिन्यांवर गेले. या कार्यक्रमामागचे हर्मन बाकर हे स्विस धर्मगुरू १९४८ साली भारतात आले आणि त्यांच्या आयुष्यातील बहुतेक कर्ती वर्षे याच भागात गेली. मुख्य कामाआधी वर्ष-दीड वर्ष गावाच्या तयारीसाठी राखून ठेवावे आणि गावाने श्रमदान करावे, हा त्या कार्यक्रमाचा दंडक होता. चर उताराला आडवा खोदावा, हे सांगण्यास एक दिवस पुरतो. वरच्या शेतातला माणूस खालच्या शेतासाठी आपल्या जमिनीत चर खोदू देईल, यासाठी वर्ष लागते.

उरुळीकांचनची गोष्टही तीच सांगते. मार्च १९४६ मध्ये गांधीजी तेथे गेले आणि थोडेच दिवस राहिले. त्या अल्प मुक्कामाला अर्थ आला तो मणिभाई देसाई मागे राहिले म्हणून. ते १९९३ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच होते. त्यांनी स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेच्या कार्यकर्त्यांची साथ पुढे अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांना मिळाली. गावठी बियाण्यांचे ज्ञान मुळात राहीबाईंचेच होते. शाळेत न गेलेल्या या आदिवासी शेतकरी स्त्रीला २०२० सालचा पद्मश्री सन्मान मिळाला.

थोडक्या मुदतीचे येणेही सर्वस्वी त्याज्य नाही. बाबा आमटे यांनी साठीच्या दशकाच्या अखेरीस सोमनाथ येथे सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत तरुण थोड्याच दिवसांसाठी जात. परंतु ते घाम गाळायला आणि शिकायला जात. कुष्ठमुक्तांना धंदा कसा करावा हे सांगायला जात नसत. मुदत आखूड असेल तर भूमिका विद्यार्थ्याची असावी. गुरूची भूमिका हवी असेल तर मुक्काम लांबला पाहिजे.

वाट्याचा प्रश्न

तथापि मुक्काम लांबल्यानेही सर्व साधते असे नाही. पाणलोटाचे काम झाले की विहिरीचे पाणी वाढते. म्हणजे ज्याची विहीर आहे त्याचे वाढते. चराईबंदीचा पहिला भार मात्र ज्याच्याजवळ शेळ्या-मेंढ्या आहेत आणि जमीन नाही, त्याच्यावर पडतो. भूमिहीनाचा वाटा कोणता, हा प्रश्न विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विचारला. ते स्वतः पुण्याचे कारखानदार होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणसांच्या प्रमाणात वाटावयाचे, माणशी अर्ध्या एकरापुरते, भूमिहीनालाही हिस्सा, आणि उसाला पाणी नाही, हे पाणी पंचायतीचे नियम होते. त्यांत गणित सोपे होते. अवघड होती ती वाटणी. आजच्या सामाजिक उद्योगाच्या आराखड्यात उत्पन्न किती वाढेल हे पहिल्या पानावर असते. ते कोणाचे वाढेल, हा रकाना क्वचितच सापडतो.

प्रश्न चुकीचा धरला की काय होते, याचा दाखला दक्षिण आफ्रिकेतील खेळाच्या पंपाने दिला आहे. मुलांनी चक्रावर खेळावे आणि त्याबरोबर पाणी उपसले जावे, अशी ती कल्पना. २००६ साली अमेरिकन सरकारने आणि दात्यांनी तिच्यावर कोट्यवधी डॉलर जाहीर केले. मुले दिवसभर खेळत नाहीत. तेव्हा ते अवजड चक्र बायकांना हाताने फिरवावे लागले. २०१० पर्यंत ती योजना आवरती घ्यावी लागली. पाणी भरणाऱ्या बायकांना आधी विचारले असते, तर हे पहिल्याच दिवशी कळले असते.

पोकळी कोणी ठेवली?

या सल्लागारांना खेड्यात जागा मिळते, याचेही एक कारण आहे. सहकारी संस्था अनेक ठिकाणी काही घराण्यांची वतने झाल्या. सभासदांचे शिक्षण थांबले. सर्वसाधारण सभा टाळ्यांच्या गजरात दहा मिनिटांत उरकू लागल्या. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले, तेव्हा हा पैसा ज्या पोकळीत शिरला ती राजकीय कार्यकर्त्याने सोडलेली होती. दूध संस्थेचा ताळेबंद सभासदाला समजावून सांगणे, फॅटचे माप डोळ्यांसमोर करावयास लावणे, विडी कामगार बाईचे निधीचे खाते तपासून देणे ही कामे कंटाळवाणी आहेत. त्यांची छायाचित्रे छापून येत नाहीत. परंतु ती कोणी केली नाहीत, तर ती करण्याचे सोंग दुसरा कोणी तरी आणणारच.

म्हणून केवळ निषेधाचे ठराव करून भागणार नाही. गावात सल्लागारांचे पथक आले, तर स्थानिक कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत चार प्रश्न उभे करावेत. यांना बोलाविले कोणी? यांचा खर्च कोण करतो? यांचा अहवाल मराठीत लिहून ग्रामसभेपुढे वाचला जाईल काय? आणि सल्ला फसला तर कर्ज कोण फेडणार? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणाऱ्या तरुणांचे स्वागत असावे. त्यांना हिशेबाच्या वह्यांजवळ बसवावे, आणि जमल्यास मे महिन्यात पठारावर बोलवावे. जे उत्तर देणार नाहीत त्यांना चहा द्यावा आणि नमस्कार करावा. खेड्यातला माणूस पाहुण्याला उपाशी पाठवीत नाही. पण घराच्या वाटणीच्या बैठकीत तो पाहुण्याला पंच म्हणून बसवीत नसतो.